बाईमाणूस घोरत नाही

"मॅडम, आणि झोपच नाही आली तर?"

हा प्रश्न मला जितक्या लोकांनी विचारला, तितक्यांनी माझं नावही विचारलं नसेल. फोनवर विचारतात, रिक्षातून उतरता उतरता विचारतात, डोक्याला वायरी लावून झाल्यावर आरशात स्वतःचं ध्यान बघत विचारतात. आणि विचारणाऱ्यांतले निम्मे, मी दिवा बंद करून पलीकडच्या खोलीत माझ्या खुर्चीवर टेकेपर्यंत घोरायला लागलेले असतात. एका हवालदारसाहेबांना तर मी हनुवटीला वायरींच्या टिकल्या चिकटवत असतानाच डुलकी लागली. डाव्या हातानं त्यांची मान सावरत उजव्या हातानं मी उरलेलं काम केलं.

लोकांची झोप तपासणं हे माझं काम होतं. मी डॉक्टर नव्हे, तंत्रज्ञ. धुळ्यात मेंदूचा आलेख काढायला शिकले, लग्न होऊन जळगावला आले, आणि इथल्या एका खाजगी दवाखान्यात झोपेच्या चाचणीची खोली सुरू झाली तेव्हा रात्रपाळीला तयार असलेली बाई म्हणून मला धरून आणलं. मेहरूण भागातल्या आमच्या शेजारणी मला शेवटपर्यंत नर्सच समजत राहिल्या. नणंदबाई लोकांना ओळख करून द्यायच्या, "वहिनी रात्रभर झोपलेली माणसं बघतात आणि त्याचा पगार मिळतो." बोलून बोलून मी थकले आणि शेवटी हसून सोडून द्यायला शिकले.

ऑपरेशन गुडघ्याचं आणि तपासणी झोपेची, हे गणित काही कुणाच्या गळी उतरत नाही. एक काका मला म्हणाले होते, "बाई, माझा गुडघा बदलायचाय, स्वप्नं नाही." त्यांना सांगितलं तेच इथं सांगते. झोपेत आपला घसा सैल पडतो. काहींचा इतका सैल पडतो की हवेची वाटच थोडा वेळ बंद होते. छाती वरखाली होत राहते, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. मग मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठ्ठा घुर्र आवाज होतो, श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त दिवसभर जीव शिणलेला असतो. एरवी मेंदू असा पहारा देतो. पण भूल दिल्यावर, आणि नंतर दुखू नये म्हणून कडक औषधं दिल्यावर, हा पहारेकरीच गुंगीत असतो. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलेलं बरं. कळलं की ते औषधं जपून देतात, घशातली नळी घाईनं काढत नाहीत, नंतर जास्त वेळ डोळ्यासमोर ठेवतात. सरसकट सगळ्यांना ही तपासणी लागत नाही. मोठ्यानं घोरणारे, बसल्या जागी पेंगणारे, जाड मानेचे, रक्तदाबवाले, अशांना पाठवतात.

यायचं कसं, तर साधं जेवून यायचं. दुपारनंतर चहा घ्यायचा नाही. आपली उशी आणि गोधडी आणली तर उत्तम. केस धुऊन यायचं आणि तेल लावायचं नाही, हे तर मी घसा फोडून सांगायची. तरी व्हायचं काय, की चार लोकांत जायचं, दवाखान्यात जायचं, म्हणून घरच्या बाईनं माणसाचं डोकं खास चोपडून पाठवलेलं असायचं! तेलावर आमची टिकली धरत नाही. किती साठीच्या माणसांची डोकी मी बेसिनपाशी वाकवून शाम्पूनं धुतली असतील, देव जाणे. मग डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला आणि पायांना वायरी, छाती-पोटाला दोन पट्टे, नाकाशी बारीक नळी, बोटाला एक चिमटा. सुई नाही, शॉक नाही. वीज आपल्या अंगात सोडत नाहीत, अंगातले बारीक इशारे यंत्राकडे येतात. लघवीला जायचं झालं तर हात वर करायचा. कॅमेऱ्यात दिसतं, मी येऊन एक डबी सोडवते आणि वायरींसकट चालता येतं. आता तर घरी न्यायचं छोटं यंत्रही निघालंय, पण ते सगळ्यांना चालत नाही.

गमतीची माणसं पुष्कळ भेटली. डाळमिलचे एक शेठ होते, त्यांना शांततेत झोप येईना. जन्म मिलच्या मागच्या खोलीत गेलेला. "आवाज बंद झाला म्हणजे मशीन बिघडलं, मग मी कसा झोपू?" हा त्यांचा सवाल. शेवटी स्टोअरमधला खडखडणारा टेबलफॅन आणून लावला तेव्हा शेठ गार झाले. आणखी एक आबा पलंगाकडे बघूनच माघारी फिरले. झोपलं की पाय दक्षिणेकडे येत होते. "ऑपरेशनच्या आधीच मला तिकडं रवाना करता का?" म्हणाले. वॉर्डबॉयला बोलावून अख्खा पलंग फिरवला, मग वायरी पुरेनात, मग माझं यंत्र फिरवलं. आबांनी मात्र एवढ्या खटाटोपाची लाज राखली. सकाळी उठवेपर्यंत त्यांनी कूस म्हणून बदलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळे बापेच कसे? तेच सांगायला बसले आहे. आमच्याकडे यायचे ते बहुतेक पुरुषच यायचे आणि त्यांना घेऊन यायच्या त्यांच्या बायका. "रात्री यांचा श्वास अडकतो हो, मी हलवून उठवते" असं बायको सांगायची आणि नवरा "काही नाही, ही उगाच घाबरते" म्हणायचा. बायकांच्या बाबतीत असं सांगायला कोण येणार? तपासायच्या आधी जे प्रश्न विचारायचे असतात त्यात एक असतो, की झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का. बाई "नाही" म्हणते, आणि तो "नाही" पुढं जातो. ती झोपते कुठं, तिच्याजवळ झोपतं कोण, हे विचारायला त्यात जागा नसते.

ज्यांच्यामुळे हे माझ्या डोक्यात शिरलं, त्यांना मी सुमनअक्का म्हणते. हे त्यांचं खरं नाव नाही. नरडाण्याकडच्या एका खेड्यातल्या. पित्ताशयात खडे झालेले, दोनदा पोटात अशी कळ आली होती की त्यांना जमिनीवर लोळावं लागलं. दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं. सुनेचं माहेर जळगावचं, म्हणून रेल्वेनं इकडं आल्या. मुलगा आणि सून बरोबर होते. आमच्या भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, चष्म्यातून बघते तेव्हा समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. अक्कांशी बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ही बाई प्रश्नाचं उत्तर देतानाच पेंगतेय. मान जाड, रक्तदाबाची गोळी चालू. तिनं विचारलं, "घोरता का?"

अक्का ताडकन म्हणाल्या, "नही वं माय! बाईमानूस कोठे घोरस का?"

सून म्हणाली, मी तरी कधी ऐकलं नाही. मुलगाही तेच म्हणाला. डॉक्टरनं तरीही माझ्याकडे पाठवलं आणि मला फोन करून बजावलं, "मला हिचा रिपोर्ट पाहिजेच. त्याशिवाय मी हिला भूल देणार नाही."

माझी आई धुळ्याची, घरात अहिराणीच. त्यामुळे अक्कांचं नि माझं लगेच जमलं. वायरी लावून घेताना त्या हसल्या, "नवरी सजाडी राह्यनी का?" म्हणाल्या. सून सोबतीला बाहेरच्या बाकावर थांबली होती. मी दिवा मालवला आणि खुर्चीवर येऊन पडद्याकडे बघत बसले. अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. कॅमेऱ्यात बघणाऱ्याला वाटलं असतं, गाढ झोपल्यात. पण मेंदूचा आलेख खोटं बोलत नाही. जागेपणीच्या लाटा आणि झोपेच्या लाटा यांत इतका फरक असतो की शिकाऊ पोरगीसुद्धा ओळखेल. अक्का टक्क जाग्या होत्या. लाट जरा मंदावली, आता लागणार डोळा असं वाटलं, की बाई स्वतःच्या मांडीला चिमटा काढायच्या. अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्यात मला तो चिमटा दिसत होता. काहीजणांना नव्या जागेत झोप लागत नाही, तो भाग वेगळा. पण मुद्दाम जागत बसलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मध्ये एकदा मी आत जाऊन म्हटलं, "अक्का, झोपा ना." त्या गोड हसल्या आणि पुन्हा डोळे मिटून जागत बसल्या. उजाडेपर्यंत हाच खेळ.

सकाळी मुलगा म्हणाला, "मॅडम, काहीच निघालं नाही ना? मग नॉर्मल लिहून द्या, उद्याचं ऑपरेशन होऊन जाईल. आईला पुन्हा कळ आली म्हणजे?" त्याचं म्हणणं मला समजत होतं. त्यानं आईला लोळताना पाहिलं होतं. पण मी म्हटलं, "भाऊ, तुझी आई झोपलीच नाही तर मी तपासलं काय? परीक्षेला बसलेलीच नाही तिला पास कसं करू?" तो चिडला. मीही चिडले. रात्रभर जागलेली मी आणि सकाळी हुज्जत, माझं डोकं तापलंच. सून बिचारी मध्ये पडून म्हणाली, "आईंना जागायची सवयच आहे हो. आमच्याकडे कुणाचं लग्न असलं की सगळ्या बायका मांडवात झोपतात, पण आई रात्रभर चुलीपाशी. खापरावरचे मांडे यांच्याशिवाय कुणाला जमत नाहीत. भावकीत सगळे नाव काढतात, सुमनअक्कासारखी कामाची बाई नाही म्हणून."

मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी नजर खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मुलाला आणि सुनेला मी सुनेच्या माहेरी पाठवलं. त्या रात्री पुन्हा तपासणी ठेवली आणि सांगितलं, आज सोबतीला कुणी थांबायचं नाही, मी आहे. वायरी लावताना मी सरळच विचारलं, "अक्का, मांडे करता म्हणून जागता, का झोपायचं नाही म्हणून मांडे करता?"

त्या हळूहळू बोलू लागल्या. नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा सगळं घर ओसरीत ओळीनं झोपायचं. पहिल्याच आठवड्यात यांचं घोरणं ऐकून सासू चारचौघींत म्हणाली, "सून नही, म्हैस आनेल शे घरमा." सगळ्या हसल्या. जावांनी त्यावरून वर्षानुवर्षं टिंगल केली. नवरा, ज्याला सगळे नाना म्हणतात, तो वावरात राखणीला म्हणून झोपायला गेला आणि तिकडेच झोपायची रीत पडून गेली. अक्का मागच्या खोलीत, दार लावून, एकट्या. मुलं झाली, मोठी झाली, पण अक्कांच्या खोलीचं दार रात्री बंदच. लग्नाकार्यात कुणाच्या कानावर आवाज जाऊ नये म्हणून ही बाई आयुष्यभर चुलीपाशी जागली होती आणि लोक तिचं कौतुक करत होते. सून नवी, तिला आपल्या सासूचं हे नाव कळू नये, एवढी एकच धडपड. "माले कळ सोसनी जाई," अक्का म्हणाल्या, "पन सूननं हासनं सोसावाव नही."

मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. त्या मेलेल्या सासूचा आला, हसणाऱ्या जावांचा आला, थोडा अक्कांचाही आला. पण रागानं कुणाला झोप लागत नाही. मी उठले आणि माझ्या संगणकावरून एक जुनं रेकॉर्डिंग काढून त्यांना ऐकवलं. असा घरघराट, की खिडकीचं तावदान थरथरावं.

"कोन शे हाऊ बापा?" अक्कांनी विचारलं.

"बापा नाही. मी."

खरंच मीच. खोली नवी सुरू झाली तेव्हा यंत्र चालतं का बघायला आमच्या झोपेच्या डॉक्टरांनी मलाच पहिली पेशंट केलं होतं. माझ्यात दोष फारसा निघाला नाही, पण आवाज निघाला तो हा. अक्का आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तू बी घोरस वं बाई?" मी म्हटलं, "घोरते तर! आमचे हे म्हणतात, मालगाडी बरी." मग त्या हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हनुवटीच्या दोन टिकल्या निघून आल्या, त्या मी पुन्हा लावल्या. माझंही हसू थांबेना. आणि दिवा मालवल्यावर थोड्याच वेळात पडद्यावर झोपेच्या लाटा आल्या.

पुढं जे दिसलं त्यानं हसू पळालं. अक्का घोरू लागल्या, आवाज वाढत गेला आणि एकदम बंद. छातीचा पट्टा हलतोय, पोटाचा पट्टा हलतोय, नाकाची रेघ मात्र सपाट. ऑक्सिजनचा आकडा उतरतोय. मी खुर्चीच्या कडेवर. आकडा असा उतरला की माझा हात दाराच्या कडीवर गेला. तेवढ्यात घुर्र करून श्वास आला. दोन-चार श्वास, आणि पुन्हा सपाट. रात्रभर बघत बसायची माझी नोकरी, मी अशा रेघा पुष्कळ पाहिल्या होत्या. पण त्या रात्री मला सारखं वाटत होतं, की हे आज नाही सुरू झालेलं. दार लावलेल्या त्या मागच्या खोलीत हे रोज होत आलंय. मध्यरात्रीनंतर त्याच झोपेच्या डॉक्टरांना फोनवर विचारून मी अक्कांच्या नाकावर मास्क बसवला. त्याला जोडलेलं छोटं यंत्र हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवतं. पडद्यावरच्या रेघा बघता बघता सरळ झाल्या. अक्का अशा झोपल्या की सकाळी हाक मारूनही उठेनात. उठल्या आणि म्हणाल्या, डोकं हलकं हलकं लागतंय, असं कधी लागलंच नव्हतं.

ऑपरेशन पुढं व्यवस्थित झालं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

भूल देणाऱ्या डॉक्टरनं अट घातली. अक्कांनी काही आठवडे घरी रोज रात्री मास्क लावायचा, त्याची सवय करायची, आणि मग ऑपरेशन. नंतरही मास्क हवाच. मास्क लावणार नसाल तर मी हा धोका घेणार नाही, असं तिनं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली ती नाही म्हणून. पोटात खडे राहिले तरी चालतील. "हाई तोंडले बांधीसन मी घर जावाव नही. बठ्ठा गावमा हासू व्हई." मुलगा समजावून थकला. सून रडकुंडीला आली. मी एरवी कुणाच्या घरच्या भानगडीत पडत नाही, पण त्या दिवशी मुलाला म्हटलं, "तुझ्या वडिलांना बोलाव. आजच्या आज."

नाना संध्याकाळच्या गाडीनं आले. उंच, वाळलेले, टोपी हातात घेऊन उभे. त्यांना वाटलं होतं, बायकोचं काही बरंवाईट झालं. मी त्यांना खुर्चीत बसवून पडद्यावर ती रात्र दाखवली. ही नाकाची रेघ, हा श्वास, इथं थांबला, इथं सुरू झाला. इथं पुन्हा थांबला. अक्का मागं भिंतीला पाठ लावून उभ्या, चेहरा पदरात. नाना त्या रेघांवर बोट फिरवत होते. आपल्या वावरातली मोजणीची खूण तपासावी तसे.

"रोज असंच व्हस?"

"रोजच होत असणार."

"कधीपाईन?"

"ते मी सांगू शकत नाही नाना. पण बऱ्याच वर्षांपासून असावं."

मग त्यांनी विचारलं, "आनी एखादी रातले परत सुरू नही व्हता तं?"

अशा वेळी काहीतरी धीराचं बोलायचं असतं, ते मला येतं. पण त्या माणसाला ते द्यावंसं वाटलं नाही. मी म्हटलं, "तर सकाळी दार उघडल्यावर कळलं असतं."

नानांनी टोपी मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मुलानं विषय बदलावा म्हणून म्हटलं, "मॅडम, तो मास्क कसा लावायचा ते हिला शिकवा," आणि सुनेला पुढं केलं. तेव्हा नाना उठले.

"तिले नको. माले दखाडा."

"नाना, रात्री तुम्ही तर वावरात असता ना?"

"आते पोऱ्या जाई वावरमा."

मी मास्क त्यांच्या हातात दिला. कापूस वेचून, नांगर धरून राठ झालेली ती बोटं, पट्ट्याची बारीक कडी त्यांत सापडेना. दोनदा निसटली. अक्का पलंगावर बसल्या होत्या, अंग चोरून. मुलासमोर, सुनेसमोर नवऱ्यानं तोंडाला हात लावायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. "लोके हासतीन," त्या पुटपुटल्या.

"हासू दे," नाना म्हणाले, आणि त्यांनी मास्क बसवला. मी यंत्र सुरू केलं. ते चालू असताना तोंड उघडलं तर हवा तोंडातून सुटते, म्हणून बोलायचं नसतं, हे मी अक्कांना शिकवलं होतं. त्या बोलल्या नाहीत. नुसतं नानांकडे बघत राहिल्या, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी मास्कच्या कडेवर उतरायला लागलं. कड ओली झाली की मास्क सरकतो आणि हवा गळते. मी सुनेकडे कापूस पुढं केला. तो नानांनी घेतला.